आधी पत्ता, मग बाकी सगळं : बर्लिनला बिऱ्हाड हलवण्याच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५ : आवाका आणि पगाराचं गणित

काम असं आहे : तिघांचं कुटुंब (नोकरी मिळालेली व्यक्ती, जोडीदार, चार वर्षांचं मूल) भारतातून बर्लिनला हलवायचं. नोकरी १९ मेपासून. मुक्काम लांबचा धरायचा. खालचे सगळे आकडे २०२५ चे आहेत. यातले बरेच दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे पुढच्या वर्षी या नोंदी वापरणाऱ्यांनी क्रम तोच ठेवावा आणि आकडे ताजे घ्यावेत.

क्रम हाच यातला कळीचा भाग. जर्मनीत पत्त्याची नोंदणी झाल्याशिवाय कर क्रमांक येत नाही, कर क्रमांकाशिवाय पगारातली कपात नीट बसत नाही, पगाराच्या स्लिपांशिवाय कायमचं घर मिळणं अवघड, आणि घराशिवाय पुन्हा पत्ता नाही. हा फेरा एकाच ठिकाणी फोडता येतो : पहिलं तात्पुरतं घर असं निवडायचं की तिथे नोंदणी करता येईल. विमान, सामान, फर्निचर हे सगळं त्यानंतर.

नियुक्तीपत्र तपासलं. ईयू ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवासपरवाना) वार्षिक ढोबळ (कपातीआधीचा) पगार किमान ४८,३०० युरो लागतो. आयटी, अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा टंचाईच्या व्यवसायांत, आणि पदवीला तीन वर्षं पूर्ण न झालेल्यांना, ४३,७५९.८० युरो चालतात. करार किमान सहा महिन्यांचा हवा. बोनस मिळेलच अशी हमी करारात नसेल तर तो या हिशेबात धरू नये.

महिना ५,००० युरो ढोबळ पगार धरून सक्तीची कपात (एक मूल असलेल्या नोकरदाराचा हिस्सा) :
आरोग्य विमा ७.३ टक्के आणि विमासंस्थेच्या जादा वर्गणीचा अर्धा वाटा, सरासरी १.२५ टक्के : ४२७.५० युरो
शुश्रूषा विमा १.८ टक्के : ९० युरो
निवृत्तिवेतन ९.३ टक्के : ४६५ युरो
बेरोजगारी विमा १.३ टक्के : ६५ युरो
एकूण १,०४७.५० युरो. त्यानंतर प्राप्तिकर, आणि तो करवर्गावर (वैवाहिक स्थितीनुसार ठरणारा कपातीचा गट) अवलंबून. मूल नसेल तर शुश्रूषा विम्यात २३ वर्षांवरच्यांना आणखी ०.६ टक्के. वाटाघाटी करताना ढोबळ पगाराकडे पाहून हुरळून जाऊ नये, घरभाडं हातात येणाऱ्या रकमेतून जातं.

१३ फेब्रुवारी : पदवी चालते का

अनाबिन या जर्मन सरकारी यादीत दोन गोष्टी पाहायच्या : संस्थेचा दर्जा आणि पदवीचा प्रकार. संस्थेपुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा हवा, आणि पदवीपुढे ती जर्मन पदवीशी तुल्य असल्याचा उल्लेख. शोधताना महाविद्यालयाचं नाव टाकून उपयोग नाही, पदवी देणारं विद्यापीठ शोधायचं. दोन्ही पानं त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवली.

विद्यापीठ सापडत नसेल किंवा शेरा एच प्लस-मायनस असेल, तर बॉनच्या त्साब या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन मागवावं लागतं. शुल्क २०८ युरो. हे काम व्हिसाच्या अर्जाआधी संपलेलं असावं, म्हणून नोकरीची बोलणी सुरू होताच ही यादी तपासणं शहाणपणाचं. आयटीतल्या अनुभवी लोकांना पदवी नसतानाही ब्लू कार्ड मिळू शकतं, पण त्यासाठी गेल्या सात वर्षांतला किमान तीन वर्षांचा तुल्य अनुभव कागदावर दाखवावा लागतो.

३ मार्च : व्हिसाची फाइल

जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. मूळ कागद आणि बोटांचे ठसे यांसाठी प्रत्यक्ष जावंच लागतं. शुल्क प्रौढाला ७५ युरो, मुलाला ३७.५० युरो, भरायचे रुपयांत.

फाइलचा क्रम : पासपोर्ट, सही केलेला करार, नियोक्त्याने भरलेलं नोकरीचं निवेदनपत्र (जर्मन सरकारचा ठरावीक फॉर्म), पदवी आणि गुणपत्रकं, अनाबिनची पानं, नोकरीचा आजवरचा आढावा, विम्याचा कागद. जोडीदाराच्या आणि मुलाच्या फाइलीत विवाह व जन्म प्रमाणपत्रं. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेची अट नाही, आणि तिथे पोचल्यावर कोणतीही नोकरी करता येते. हा ब्लू कार्डाचा मोठा फायदा आहे आणि अनेकांना तो ठाऊकच नसतो.

फाइल अडते ती नावांवर. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आलेलं, पदवीवर आडनाव आधी, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. जर्मन कार्यालयं अक्षर न् अक्षर ताडून पाहतात. पासपोर्ट हाच आधार मानून करार, विमा, विमानाचं तिकीट यांवर तंतोतंत तेच स्पेलिंग ठेवलं.

विम्यातली फट : तिथला सक्तीचा आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो, विमानतळावर उतरल्यापासून नाही. ६ मे ते १८ मे या दिवसांसाठी तिघांचा वेगळा प्रवास विमा घेतला. जोडीदार आणि मूल कौटुंबिक विम्यात येणार असल्याने त्यांचाही विमा १९ मेलाच सुरू होईल.

२२ मार्च : तात्पुरतं घर

सजवलेलं दोन खोल्यांचं घर तीन महिन्यांसाठी. बर्लिनमध्ये 'दोन खोल्या' म्हणजे दिवाणखाना आणि झोपायची खोली; स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत.

निवडताना तीन प्रश्न लेखी विचारले. इथे पत्त्याची नोंदणी करता येते का? घरमालकाचं निवासपत्र (वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग) राहायला आल्या दिवशी मिळेल का? टपालपेटीवर आडनाव लावून मिळेल का? पहिल्या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर आलं की ते घर सोडून द्यायचं, भाडं कितीही कमी असो. नोंदणी नसलेलं स्वस्त घर पुढे दोन-तीन महिने सगळी कामं अडवून ठेवतं आणि शेवटी महागच पडतं.

घर न पाहता पैसे मागणारे, 'मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' असं सांगणारे, ओळख म्हणून स्वतःच्याच पासपोर्टची प्रत आधी पाठवून विश्वास मिळवू पाहणारे : हा ठरलेला फसवणुकीचा साचा आहे. पैसे फक्त करार झाल्यावर, आणि शक्यतो मध्यस्थ कंपनीच्या खात्यात.

१२ एप्रिल : सामान

युरोपीय संघाच्या सीमेवर प्रवाशाच्या सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, बर्फी, पनीर बाद. ताजी फळं आणि भाज्यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना. ओला कढीपत्ता घ्यायचा नाही. मसाले, डाळी, पीठ, तेलातलं लोणचं, भाजणी चालते. गोडा मसाला आणि मेतकूट भरून घ्यावं, मिरची पूड आणि हळद तिथे सहज मिळते.

औषधं : स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीन महिन्यांची. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह, कारण व्यापारी नावं तिथे कोणी ओळखत नाही.

विजेचा दाब २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखाच. मिक्सर चालतो, फक्त तीन पिनांचा प्लग बसत नाही. जास्त वॉटच्या उपकरणाला प्रवासी अडॅप्टर लावून रोज चालवू नये, तो तापतो. विजेच्या जाणकाराकडून वायरचा प्लगच बदलून घ्यावा. कुकर घेताना तळ पाहायचा : इंडक्शन शेगडीवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. काचेच्या साध्या विद्युत शेगडीवर चालतो, पण तळ सपाट हवा. शिट्टीच्या जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत घेतले.

घरसामान जहाजाने पाठवायचं तर ते करमुक्त आणता येतं. अटी : आधी किमान बारा महिने युरोपीय संघाबाहेर वास्तव्य, वस्तू किमान सहा महिने वापरातली, आणि स्थलांतरानंतर बारा महिन्यांत आणलेली. करमुक्त आणलेली वस्तू पुढचे बारा महिने विकता किंवा भाड्याने देता येत नाही. यादी वस्तूनिहाय करावी; 'घरगुती सामान, ६ खोकी' एवढं लिहून भागत नाही. या वेळी जहाज टाळलं. बर्लिनमध्ये जुनं फर्निचर इतकं मुबलक आणि स्वस्त मिळतं की वाहतुकीचा खर्च वसूल होत नाही.

२६ एप्रिल : भारतातली बाजू

आपण अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. अर्ज आणि व्हिसाच्या प्रती बँकेत देऊन ठेवल्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, मुदतवाढ मिळत नाही. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो प्राप्तिकरासाठी अनिवासी ठरतो. मेमध्ये निघाल्यामुळे २०२५-२६ साठी प्रश्न नाही.

मोबाइल क्रमांक बंद पडू द्यायचा नाही. बँका, आधार, प्राप्तिकर, म्युच्युअल फंड, सगळ्यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, आणि क्रमांक गेला की परदेशातून बदलायला फार त्रास होतो. सर्वांत स्वस्त प्रीपेड योजना, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू, आणि रिचार्जची तारीख घरच्या एका माणसाकडे. घराच्या कामांसाठी मुखत्यारपत्र नोंदवून ठेवलं. त्यात बँक, वीजजोडणी आणि सोसायटी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मोघम मुखत्यारपत्र बँक परत करते.

विवाह आणि जन्म प्रमाणपत्रांची जर्मन भाषांतरं शपथबद्ध अनुवादकाकडून. याचं महत्त्व १५ मेच्या नोंदीत.

६ मे : आगमन

विमानतळ तिकीटदराच्या सी विभागात (शहराबाहेरचा पट्टा) येतो, म्हणून एबीसी तिकीट : ४.७० युरो. शहरातलं एबी तिकीट ३.८० युरो. सहा वर्षांखालचं मूल मोफत. स्थानकांवर अडथळे नाहीत, पण कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. पहिल्याच महिन्यात डॉइचलांडटिकेट घेतलं : महिना ५८ युरो, देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम आणि बस. ही वर्गणी दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते. थांबवायची तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवायचं.

घरात शिरल्यावर पहिलं काम टपालपेटी. बर्लिनच्या पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक नसतो. टपालवाला पेटीवरच्या आणि घंटेवरच्या नावावरून पत्र टाकतो. नाव नसेल तर कर क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं परत जातं आणि कोणी फोन करून सांगत नाही. दोन आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावायची.

८ मे : नोंदणीची वेळ

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी (आनमेल्डुंग) करणं कायद्याने सक्तीचं. बर्लिनमध्ये कोणत्याही जिल्ह्याच्या ब्यूर्गरआम्टमध्ये (नागरिक सेवा कार्यालय) जाता येतं, आपल्याच भागात जायला हवं असं नाही. त्यामुळे शोध सगळ्या शहरावर ठेवायचा. वेळा ऑनलाइन मिळतात. पुढच्या कित्येक आठवड्यांचं पान लाल दिसलं तरी रद्द झालेल्या वेळा दिवसभर परत येत राहतात, विशेषतः सकाळी कार्यालय उघडताना. ११५ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. दोन आठवड्यांतली वेळ मिळालीच नाही तर नंतरची घ्यावी आणि वेळ घेतल्याच्या ईमेलची तारीख जपावी. आज १५ मेची वेळ मिळाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

१५ मे : नोंदणी

सोबत नेलं : तिघांचे पासपोर्ट, भरलेला फॉर्म, घरमालकाचं निवासपत्र, विवाह आणि जन्म प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती व भाषांतरं. भाडेकरार निवासपत्राची जागा घेत नाही. निवासपत्रात घरमालकाचं नाव, राहायला आल्याची तारीख, पत्ता आणि राहणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत. मुलाचं नाव राहून गेलं तर मुलाची नोंद होत नाही.

दोन रकान्यांवर लक्ष द्यावं.

धर्माचा रकाना : कर गोळा करणाऱ्या ख्रिस्ती चर्चचं सदस्यत्व इथे नोंदलं की बर्लिनमध्ये प्राप्तिकराच्या ९ टक्के चर्चकर लागतो. सदस्य नसणाऱ्यांनी 'कोणताही नाही' लिहायचं.

वैवाहिक स्थितीचा रकाना : प्रमाणपत्र नसेल किंवा कर्मचाऱ्याला पटलं नाही तर स्थिती 'अज्ञात' अशी नोंदली जाते. मग करखात्याकडे ती व्यक्ती अविवाहितासारखी पोचते, करवर्ग पहिला लागतो आणि दरमहा जास्त कर कापला जातो. दोघं जर्मनीत राहणारे विवाहित असतील तर दोघांनाही आपोआप चौथा वर्ग मिळतो. एकाचीच कमाई असेल तर अर्ज करून कमावत्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा वर्ग घेता येतो. म्हणूनच निघण्याआधी भाषांतरांचा आग्रह होता.

नोंदणी मोफत. शिक्का मारलेला कागद लगेच हातात. त्याच्या चांगल्या स्कॅन केल्या. हा कागद पुढे बँक, विमा, परवाना, बालवाडी, सगळीकडे लागतो.

२० मे : विमा आणि बँक

पगार वर्षाला ७३,८०० युरोंच्या खाली असल्याने सार्वजनिक आरोग्य विमा सक्तीचा. त्यावर पगार असणाऱ्यांना खासगीचा पर्याय मिळतो, आणि तरुण वयात तो स्वस्त दिसतो. कुटुंब असेल तर घाई करू नये : सार्वजनिक विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा पैसे न देता येतात, खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. खासगीतून परत येणं अवघड, आणि ५५ वर्षांनंतर जवळजवळ अशक्य.

विमासंस्थेला फॉर्म, फोटो, कौटुंबिक विम्याचा अर्ज दिला. कार्ड टपालाने येईपर्यंत सदस्यत्वाचं पत्र डॉक्टरकडे चालतं. रात्री किंवा रविवारी, जिवावरचं नसलेलं दुखणं : ११६११७. जिवावरचं किंवा आग : ११२. पोलिस : ११०.

बँक : काही ऑनलाइन बँकांच्या व्हिडिओ ओळखपडताळणीत भारतीय पासपोर्ट स्वीकारला जात नाही, अशा वेळी टपाल कार्यालयातून ओळख पटवण्याचा मार्ग निवडायचा. कोणीच खातं देत नसेल तर मूलभूत खात्याचा (बाझिसकोन्टो) अर्ज करावा. युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे. खातं दुसऱ्या सेपा (युरोतल्या बँक व्यवहारांची सामाईक व्यवस्था) देशातलं आहे एवढ्याच कारणावरून 'फक्त जर्मन आयबान (खाते क्रमांक) चालेल' असं म्हणणं नियमाला धरून नाही, हे विमासंस्था किंवा मोबाइल कंपनीला लेखी कळवलं की बहुधा मान्य होतं.

५ जून : कर क्रमांक

नोंदणीनंतर काही आठवड्यांत ११ आकडी श्टॉयर-आयडी टपालाने येतो, तिघांचा वेगळा. मुलाचाही जपायचा, बालभत्त्याला लागतो. हरवला तर पुन्हा मागवता येतो, पण फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाहीत, पुन्हा टपालच. क्रमांक नसताना पगार निघाला तर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त कपातीने, निघू शकतो. ते पैसे बुडत नाहीत, नंतरच्या महिन्यात किंवा विवरणपत्रातून परत येतात, पण ऐन खर्चाच्या दिवसांत अडकतात. महिन्याच्या मध्यावर रुजू झाल्यास पगारपत्रकाची मुदत हुकून पहिला पगार पुढच्या महिन्यात जाऊ शकतो, हेही धरून ठेवावं.

१४ जून : कायमच्या घराचा शोध

सर्वांत वेळखाऊ टप्पा. बर्लिनमध्ये एका जाहिरातीला काही तासांत शेकडो अर्ज येतात, म्हणून कागद आधी तयार असावे लागतात. एकच पीडीएफ : स्वपरिचयाचा फॉर्म, शेवटच्या पगाराच्या स्लिपा (तीन नसतील तर करार आणि आहेत तेवढ्या), शूफा या पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा पतअहवाल, आधीच्या घरमालकाचं 'भाडं थकलेलं नाही' असं पत्र, पासपोर्ट आणि व्हिसा. नव्याने आलेल्याच्या नावावर शूफामध्ये फारसं काही नसतं. कोरा अहवाल म्हणजे वाईट अहवाल नव्हे, तरीही तो जोडायचा. घरमालकाला देण्याजोगा अहवाल २९.९५ युरोंना मिळतो. कायद्याने मिळणारी मोफत प्रत वेगळी असते, तीत खासगी तपशील जास्त असतो, ती जशीच्या तशी पुढे पाठवू नये.

शोध चार वाटांनी : इमोबिलिएनस्काउट आणि क्लाइनआनत्साइगेन ही जाहिरातींची संकेतस्थळं, ऑफिसातली अंतर्गत पाटी, आणि शहराच्या मालकीच्या सहा गृहकंपन्या (देगेवो, गेसोबाउ, गेवोबाग, होवोगे, श्टाट उंड लांड, वेबेएम). या सहांची घरं इनबर्लिनवोनेन या एकाच संकेतस्थळावर दिसतात. भाडी बाजारापेक्षा कमी, पण काही घरांना उत्पन्नमर्यादेचा दाखला (वेबेएस) लागतो. जाहिरातीत वेबेएस असं लिहिलेलं असेल तर दाखल्याशिवाय अर्ज वाया जातो.

जाहिरातीतले आकडे वाचताना : काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई, बहुधा हीटिंग मिळवलं की वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. वार्ममीटेतला खर्चाचा भाग आगाऊ रक्कम असते. प्रत्यक्ष हिशेब नंतर येतो, वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत घरमालकाने तो द्यायचा असतो, आणि फरक भरावा लागू शकतो.

अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूचा हक्क आहे. उदाहरण : काल्टमीटे १,२०० आणि इतर खर्च २५० युरो असेल तर अनामत ३,६०० युरो, पण पहिल्या दिवशी लागणारी रक्कम १,४५० अधिक १,२०० अशी २,६५०. दलाली ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची, २०१५ पासून हाच कायदा आहे. भाडेकरूकडे दलाली किंवा 'घर दाखवण्याची फी' मागणाऱ्याला नकार द्यावा.

भाडेमर्यादेचा कायदाही बर्लिनमध्ये २०१५ पासून लागू आहे. नव्या करारातलं भाडं त्या भागातल्या तुल्य भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असू नये. १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना सूट, आणि खरोखर तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या घरांनाही. शहराच्या मीटश्पीगेल या तुल्य भाड्यांच्या तक्त्यात रस्ता, बांधकामाचं वर्ष आणि क्षेत्रफळ टाकून अंदाज काढता येतो. भाडं जास्त निघालं तर करार झाल्यावरही लेखी हरकत घेता येते. ३० महिन्यांच्या आत घेतली तर सुरुवातीपासूनचा फरक मागता येतो. भाडेकरू संघटनेचं सदस्यत्व यासाठी उपयोगी, आणि पत्र त्यांच्याकडून गेलं की बोलणं लवकर सरळ होतं.

करारात भाडेवाढ कशी आहे ते पाहावं : श्टाफेलमीटेत वाढ आधीच ठरलेली, इंडेक्समीटेत महागाई निर्देशांकाबरोबर. महागाईच्या काळात दुसरी जड जाते.

१ ऑगस्ट : ताबा

किल्ल्या घेताना ताब्याचं पत्रक (यूबरगाबेप्रोटोकोल) भरलं. किल्ल्यांची संख्या, वीज आणि हीटिंगच्या मीटरचे क्रमांक व आकडे, भिंती, फरशी, खिडक्या, नळ. प्रत्येक ओरखड्याचा फोटो, तारखेसह. घर सोडताना अनामतीवरचा वाद याच कागदावर सुटतो.

घर रिकामं म्हणजे खरोखर रिकामं : छतातून लोंबणाऱ्या वायरी, दिवे नाहीत, स्वयंपाकघरात फक्त नळाची जोडणी. जाणारा भाडेकरू ओटा-कपाटं विकत असेल तर घेणं सोयीचं, पण वस्तूंच्या किमतीशी मेळ नसलेली रक्कम मागणं कायद्यात बसत नाही. विजेची शेगडी ४०० व्होल्टच्या जोडणीवर चालते. ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायची आणि बिल जपायचं, नाहीतर अपघात झाल्यास विमा हात वर करतो.

वीज आपोआप सुरू असते, मूळ पुरवठादाराच्या महाग दराने. दोन आठवड्यांची सूचना देऊन दुसरीकडे जाता येतं. मीटरचा आकडा कळवला की झालं. इंटरनेटला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून अर्ज करार झाल्या दिवशीच केला. तंत्रज्ञ घंटेवर नाव नसेल तर परत जातो.

नव्या पत्त्याची नोंदणी पुन्हा दोन आठवड्यांत. टपाल कार्यालयात पत्रं पुढे पाठवण्याची सशुल्क सोय लावली.

९ ऑगस्ट : घरातले नियम

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी शांतता. रविवारी ड्रिल चालवणं ही शेजाऱ्याशी वैर घेण्याची सर्वांत सोपी वाट. दुकानंही रविवारी बंद, शनिवारीच बाजार उरकायचा.

बुरशी हा हिवाळ्यातला खरा प्रश्न. कुकरची वाफ, वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या एकत्र आल्या की थंड कोपऱ्यात काळे डाग येतात आणि घरमालक दोष भाडेकरूवर टाकतो. दिवसातून दोन-तीनदा, पाच ते दहा मिनिटं, खिडक्या पूर्ण उघडायच्या; तिरप्या करून दिवसभर ठेवायच्या नाहीत, त्याने भिंत थंड होते. रेडिएटरचा खटका ३ वर म्हणजे साधारण २० अंश. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. धुराचे गजर स्वयंपाकघर सोडून सगळ्या राहत्या खोल्यांत आणि वाटेत सक्तीचे आहेत, फोडणी देताना आतलं दार लावून घ्यावं. शेगडीवरचा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत आत सोडतो. त्याची गाळणी वेळेवर बदलावी.

पाणी जड आहे, पिण्यास चांगलं. किटलीत पांढरा थर बसतो, सायट्रिक ॲसिडने निघतो.

१९ ऑगस्ट : ब्लू कार्ड

प्रवेशाचा व्हिसा संपण्याआधी निवासपरवान्याचा अर्ज जायलाच हवा. बर्लिनमध्ये परदेशी नागरिकांचं कार्यालय लांडेसआम्ट फ्युअर आइनवांडरुंग. व्हिसा संपायला दोन महिने असतानाच ऑनलाइन अर्ज केला आणि पोच छापून ठेवली. मुदतीत अर्ज गेला असेल तर निर्णयापर्यंतचा मुक्काम कायदेशीर राहतो, पण या काळात परदेश प्रवास करायचा तर आधी लेखी प्रमाणपत्र हातात घ्यावं, नुसती पोच विमानतळावर पुरत नाही.

शुल्क प्रौढाला १०० युरो. मे २०२५ पासून फोटो डिजिटल लागतो : अधिकृत स्टुडिओत किंवा ड्रगस्टोअरमध्ये काढून मिळणारा कोड चालतो. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं.

२ सप्टेंबर : बालवाडी आणि बालभत्ता

बर्लिनमध्ये कीटाचं (बालवाडीचं) शुल्क २०१८ पासून नाही, जेवणाचे महिना २३ युरो. आधी युगेंडआम्टकडून (जिल्ह्याचं बालक-युवक कार्यालय) गुटशाइन हे प्रवेशपत्र, मग जागा. अर्ज प्रवेशाच्या नऊ ते दोन महिने आधी. प्रवेशपत्र मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. घराच्या आणि ऑफिसच्या वाटेवरच्या बालवाड्यांना प्रत्यक्ष जाऊन विचारणं सर्वांत फलदायी. गोवराच्या दोन लसींचा पुरावा नसेल तर दोन वर्षांवरच्या मुलाला प्रवेश नाही. भारतीय लसीकरण कार्डावर तारखा आणि शिक्के वाचता येतील असे हवेत. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञाकडून पिवळ्या पुस्तिकेत नोंद करून घ्यावी.

किंडरगेल्ड (बालभत्ता) महिना २५५ युरो. मागची रक्कम जास्तीत जास्त सहा महिन्यांची मिळते.

१५ सप्टेंबर : वाहन परवाना

भारतीय परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो, सोबत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना. इथे मुदत ६ नोव्हेंबरला संपते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. शिकवणीच्या तासांची सक्ती नाही, पण प्रत्यक्ष परीक्षा शिकवणी शाळेच्या गाडीतूनच द्यायची. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. अनुभवी चालक प्रत्यक्ष परीक्षेत अडतात ते उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य, वळताना खांद्यावरून मागे पाहणं आणि सायकलवाल्यांना सोडायचं अंतर यांवर.

२२ सप्टेंबर : उरलेली कामं

नभोवाणी शुल्काचं (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीचं) पत्र आलं : महिना १८.३६ युरो, तिमाही ५५.०८, घराला एकच. जोडीदाराच्या नावाने दुसरं पत्र आलं तर पहिला वर्गणी क्रमांक कळवून ते मिटवायचं. दुर्लक्ष केलं तर वसुलीपर्यंत जातं.

पिवळ्या लिफाफ्यातून आलेलं पत्र : टपालवाल्याने त्यावर तारीख घातलेली असते आणि पेटीत टाकल्या दिवसापासून मुदत धावते. सरकारी निर्णयावर हरकतीला बहुधा एक महिना. लिफाफा फेकू नये.

वैयक्तिक दायित्व विमा घेतला. सक्तीचा नाही, पण इमारतीची किल्ली हरवली आणि सगळी कुलुपं बदलावी लागली तर तोच कामाला येतो. करारात किल्लीचा उल्लेख आहे का ते तपासलं.

प्राप्तिकराचं वार्षिक विवरणपत्र एल्स्टर या करखात्याच्या पोर्टलवर. तिसरा-पाचवा करवर्ग घेतला असेल तर ते भरणं सक्तीचं, मुदत पुढच्या वर्षी ३१ जुलै. स्थलांतराचा खर्च आणि भाषांतरांची बिलं वेगळ्या पाकिटात.

कायम निवासाची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकली. ब्लू कार्डधारकाला बी१ पातळीची जर्मन असेल तर २१ महिन्यांनी, ए१ असेल तर २७ महिन्यांनी अर्ज करता येतो, तेवढ्या महिन्यांची निवृत्तिवेतनाची वर्गणी भरलेली हवी. १९ मे २०२५ पासून मोजलं तर फेब्रुवारी २०२७ किंवा ऑगस्ट २०२७. जिल्ह्याच्या फोल्क्सहोखशूलेमधल्या (सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्र) संध्याकाळच्या जर्मन वर्गाची पातळी चाचणी दोघांसाठी नोंदवली.